पाठीवर कवटी, शेपटीला शिंग

प्रश्न : आम्ही बिरसा (जि. बालाघाट) येथे राहतो. पावसाळ्यात एका रात्री ओसरीच्या दिव्याखाली भिंतीवर तळहाताएवढं पाखरू येऊन बसलं. त्याच्या पाठीवर माणसाच्या कवटीसारखं चित्र होतं. झाडूने हुसकायला गेलो तर ते चक्क चीं चीं करून ओरडलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, हे यमाचं पाखरू, घरात आजारी माणूस असेल तर लक्षण बरं नाही. त्याच आठवड्यात तिळाच्या शेतात बोटाएवढी जाड हिरवी अळी सापडली, शेपटीला शिंग असलेली. शिंग टोचलं तर माणूस वाचत नाही, असं मजूर सांगतात. पाखरू ओरडतं कसं? ते अशुभ असतं का? अळी विषारी आहे का? आणि तिळावर औषध मारायचं का?

उत्तर : तुमच्या चार शंकांमधला निम्मा गोंधळ एका वाक्यात सुटतो. भिंतीवरचं पाखरू आणि तिळावरची अळी हे दोन वेगळे जीव नाहीत, एकाच जिवाची दोन वयं आहेत. अळी पोट भरलं की जमिनीत शिरते आणि काही दिवसांनी तेच पाखरू होऊन वर येते. दोघांपैकी कोणालाही नांगी नाही, कोणाकडेही माणसाला बाधेल असं विष नाही. हे कशावरून म्हणायचं, ते आता क्रमाने पाहू.

हे पाखरू म्हणजे रात्री उडणारा पतंग, हॉक मॉथ नावाच्या कुळातला. लांबट, निमुळते पंख, जाडजूड पण मागे टोकदार होत गेलेलं शरीर आणि दमदार, वेगवान उड्डाण ही या कुळाची ओळख. पाठीवर कवटी असलेल्या हॉक मॉथच्या जगात तीनच जाती आहेत. त्यांपैकी ॲट्रोपॉस ही युरोप-आफ्रिकेतली. स्टिक्स आणि लॅकेसिस या दोन आशियातल्या, आणि या दोन्ही आपल्याकडे सापडतात. तिळावरची अळी बहुतेक वेळा स्टिक्सची असते, त्यामुळे तुमच्या ओसरीवर आलेला पतंगही बहुधा तोच असावा.

खात्रीच करायची असेल तर पुढच्या खेपेला मागचे पंख नीट पाहा. बसलेल्या पतंगाचे ते दिसत नाहीत, तो बिथरून पंख उचलतो तेव्हा दिसतात. स्टिक्सचे मागचे पंख पिवळे असतात आणि त्यांवरून दोन काळसर पट्टे गेलेले असतात. लॅकेसिसच्या पंखाच्या मुळाशीच मोठा काळा भाग असतो आणि त्याचा एकूण रंगही जास्त गडद दिसतो. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन्ही जाती साधारण ९ ते १३ सेंटिमीटर भरतात. लॅकेसिस थोडा मोठा, एवढंच.

दिवसा हा पतंग समोर असूनही दिसत नाही. तो झाडाच्या खोडावर पुढचे पंख उतरत्या छपरासारखे अंगावर घेऊन बसतो. त्या पंखांवर तपकिरी, काळे आणि राखी रंग असे मिसळलेले असतात की सालीचा तुकडा आणि पतंग यांत फरक करता येत नाही. हात लावला की मात्र रूप पालटतं. पंख वर उचलले जातात, पोट वळवून पुढे येतं, पिवळ्याधमक पोटावरचे काळे पट्टे आणि मधून गेलेली निळसर रेघ उघडी पडते. झाडूचा धक्का लागल्यावर तुम्ही पाहिलं ते हेच. त्याच्या दृष्टीने तो हल्ला होता आणि लपणं फसल्यावर भिववणं हा त्याचा दुसरा उपाय.

बालाघाटच्या बाजूला आणखी एक मोठा पतंग सगळ्यांच्या ओळखीचा आहे, टसरचा, म्हणजे कोसा देणारा. ऐन आणि अर्जुन या झाडांवर त्याच्या अळ्या पाळतात. दोघांची गल्लत होते म्हणून सांगतो. टसरचा पतंग रुंद पंखांचा असतो आणि प्रत्येक पंखावर डोळ्यासारखा गोल, आरपार दिसणारा ठिपका असतो. त्याला खाता-पिता येत नाही. अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम काही दिवस जगतो, जोडीदार शोधतो, अंडी घालतो आणि संपतो. कवटीवाल्या पतंगाला सोंड आहे आणि खाण्याची चांगलीच आवड आहे. तो काय खातो, ते पुढे येईलच.

आता कवटी. भिंग घेऊन पाहिलं तर ते चित्र म्हणजे छातीवरच्या केसाळ खवल्यांची रंगसंगती आहे. फिकट पिवळसर भाग, त्यात दोन काळे ठिपके आणि खाली गडद कडा. एवढ्यावरून आपला मेंदू डोळे, कवटी, जबडा जुळवून टाकतो. दोन ठिपके आणि खाली रेघ दिसली की चेहरा पाहायची माणसाला सवयच आहे. ढगात, भिंतीच्या ओलीत, कापलेल्या भाजीतही आपल्याला तोंडं दिसतात. पतंग ज्यांना घाबरतो त्या वटवाघळाला, घुबडाला, सरड्याला माणसाच्या कवटीचं काय सोयरसुतक? त्यांना भीती वाटलीच तर अचानक उघडणाऱ्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची आणि आवाजाची वाटेल.

तेव्हा शेजारच्या आजींना दोष देऊ नका. या पतंगाला पाहून घाबरण्यात आपण एकटे नाही, आणि आपण पहिलेही नाही. युरोपात तर शास्त्रज्ञांनीच ही भीती त्याच्या नावात कायमची घालून ठेवली. लिनियसने १७५८ साली तिकडच्या जातीला ॲट्रोपॉस नाव दिलं. ग्रीक पुराणात ॲट्रोपॉस ही आयुष्याचा धागा कापणारी देवता. पुढे आशियातल्या दोन्ही जातींना मिळाली तीही त्याच माळेतली नावं. लॅकेसिस म्हणजे तो धागा मोजणारी देवता आणि स्टिक्स म्हणजे मृतांच्या राज्यातली नदी. १९९१च्या 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' या चित्रपटाच्या पोस्टरने हा पतंग जगभर पोचवला, पण त्यावरच्या पतंगाच्या पाठीवरची कवटी खरी नाही. ती साल्वादोर दाली आणि छायाचित्रकार फिलिप हाल्समन यांच्या एका जुन्या छायाचित्रावरून घेतलेली आहे, ज्यात सात स्त्रियांच्या देहांची मांडणी करून कवटीचा आकार साधला होता. खऱ्या पतंगाची कवटी त्यामानाने फारच साधी.

घरात हा पतंग येणं आणि घरात कोणी दगावणं यांचा काही संबंध नाही. पावसाळ्यात आजार वाढतात. पावसाळ्यातच पतंगही वाढतात, आणि रात्री ओसरीवर दिवा जळतच असतो. आजारी माणसाच्या घरी तर रात्रभर जळतो. दिवा जास्त वेळ जळतो तिथे पतंग येण्याची शक्यताही जास्त. आजारी माणूस बरा झाला तर पतंग कोणाच्या लक्षात राहत नाही आणि काही बरंवाईट झालं तर तोच आठवतो. अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या टिकते ती यामुळे.

आता त्याचं आयुष्य सुरुवातीपासून पाहू. मादी रात्री झाडं हुडकत फिरते आणि पानाच्या खालच्या बाजूला एकेक सुटं अंडं चिकटवते. अंडं मोहरीच्या दाण्याहून मोठं नसतं, रंग हिरवट किंवा निळसर राखी. एका झाडावर ढीगभर अंडी घातली तर पिल्लांची उपासमार होईल, कारण ही अळी अफाट खाते. म्हणूनच तुम्हाला शेतात एकाच ठिकाणी अळ्यांची झुंड दिसली नाही, इथे एक, तिथे एक अशा दिसल्या असतील.

झाड मात्र तिला आवडीचंच लागतं. तीळ हे त्यात पहिलं. वांगं, टोमॅटो, बटाटा आणि धोत्रा ही भावंडं तिच्या खाण्यात आहेत. सागाची पानंही खाते. विषारी धोत्रा खाऊन ती सुखरूप राहते याचं आश्चर्य वाटेल, पण तिच्या पचनाला ते विष सोसतं. बालाघाट हा धानाचा जिल्हा, चिन्नोर तांदळाने नाव कमावलेला. तेव्हा हेही सांगून टाकतो की धानाला या अळीचा काडीचाही धोका नाही. गवताच्या जातीची पानं ती खातच नाही.

अंडं साधारण चार-पाच दिवसांत फुटतं. बाहेर आलेली अळी फिकट पिवळी आणि इतकुशी असते, पण शेपटीचं शिंग तेव्हाच असतं, आणि अंगाच्या मानाने भलतंच लांब, काळं. मग खाणं सुरू होतं. अळीची कातडी वाढत नाही म्हणून दर काही दिवसांनी ती जुनी कात टाकून आतल्या सैल कातडीत मोठी होते. असं चार वेळा होतं, म्हणजे अळीच्या एकूण पाच अवस्था. उबदार हवेत हा सगळा प्रवास तीन ते चार आठवड्यांत उरकतो. गंमत अशी की जन्मभरात ती जेवढी पानं खाते त्यांतली बहुतेक शेवटच्या अवस्थेतच फस्त करते. म्हणून शेतकऱ्याला ती 'एका रात्रीत आली' असं वाटतं. आलेली ती केव्हाचीच असते, दिसते मात्र उशिरा.

पूर्ण वाढलेली अळी दहा-बारा सेंटिमीटर लांब भरते. तुम्हाला हिरवी दिसली, तुमच्या शेजाऱ्याला पिवळी दिसेल, आणखी कोणाला तपकिरी. त्या वेगळ्या जाती नव्हेत. एकाच जातीच्या अळ्या या तीन रंगांत येतात. हिरव्या-पिवळ्या अळीच्या कुशीवर दोन्ही बाजूंना सात-सात तिरप्या रेघा असतात, त्यांना निळी-जांभळी झाक असते. पानाच्या शिरा तिरप्या, सावल्या तिरप्या, त्यात या रेघा अशा मिसळून जातात की समोरच्या फांदीवर बसलेली एवढी मोठी अळी नजरेतून निसटते.

तिला शोधायची युक्ती वेगळी आहे. वर पानांत पाहू नका, खाली जमिनीवर पाहा. शेंडा खाल्लेल्या झाडाखाली जाड, उभ्या खाचा असलेल्या काळसर हिरव्या लेंड्या पडलेल्या असतात. लेंड्या ताज्या आणि ओलसर असतील तर अळी बरोबर त्यांच्या वरच्या फांदीवर असते. पालथी, देठाला घट्ट धरून, डोकं आत ओढून घेतलेली.

आता त्या शिंगाबद्दल. हे शिंग मऊ असतं, वर दाणेदार खडबडीत आणि टोकाशी वळलेलं. त्यात विषाची पिशवी नाही, टोचायला सुई नाही, ते मागेपुढे मारता येत नाही. बोट लावलंत तर ते वाकतं. बहुतेक सगळ्या हॉक मॉथच्या अळ्यांना असं शिंग असतं आणि त्यातलं एकही माणसाला टोचत नाही. मग ही भीती कुठून आली? खाजकुयरीसारखी आग लावणाऱ्या केसाळ अळ्या शेतात खरोखरच असतात, त्यांचे केस लागले की कातडी सुजते. विंचवाची नांगीही शेपटीलाच असते. या दोन खऱ्या अनुभवांची बेरीज करून माणसांनी बिचाऱ्या बिनकेसाळ अळीवर तिसरा आरोप ठेवला. अळीला डिवचलं तर ती जबडा आपटून कट्‌ कट्‌ असा आवाज करते आणि फार त्रास दिला तर चावा घ्यायचाही प्रयत्न करते. पण पानं कुरतडणारा तो जबडा, त्याने माणसाला इजा होत नाही.

पोट भरलं की अळी खाणं थांबवते. अंगाचा झगझगीत रंग मळका, तपकिरी होऊ लागतो. मग ती झाड सोडते आणि जमिनीवरून भराभरा चालू लागते. या दिवसांत ती वाटेवर, अंगणात, कधी घरातही दिसते आणि लोकांना वाटतं, साप-विंचवासारखी अंगावर येतेय. ती फक्त मऊ माती शोधत असते. जागा सापडली की वीतभर किंवा त्याहूनही खोल शिरते, अंगाने माती दाबून आत एक गुळगुळीत भिंतीची पोकळी करते आणि तिथे शेवटची कात टाकून कोश होते.

टसरच्या कोशाची सवय असलेल्यांना इथे एक गैरसमज होतो. प्रत्येक पतंगाच्या अळीने रेशीम विणलंच पाहिजे असं नाही. या अळीचा कोश उघडाच असतो, रेशमाचं वेष्टण नसलेला. लालसर तपकिरी, पॉलिश केल्यासारखा चकचकीत. नांगरताना असा कोश वर येतो तेव्हा मुलं तो हातात घेतात आणि त्याचं टोक वळवळलं की टाकून पळतात. आत जे जिवंत आहे त्याला एवढीच हालचाल येते. पावसाळी हवेत दोन-तीन आठवड्यांत पतंग बाहेर येतो. हंगामाच्या शेवटी झालेले कोश मात्र घाई करत नाहीत. थंडी आणि कोरडे दिवस जमिनीतच काढतात आणि पुढच्या अनुकूल हवेची वाट पाहतात. जुलैत पेरलेल्या तिळावर लगेच अळी कुठून आली, याचं उत्तर बहुधा गेल्या वर्षीच्या मातीत असतं.

या सगळ्या अवस्था आपल्याकडे प्रथम बारकाईने ज्यांनी नोंदवल्या त्यांत टी. आर. बेल यांचं नाव घ्यायला हवं. मुंबई इलाख्यात, कारवारच्या जंगलांत त्यांची नोकरी गेली. अळ्या पाळून, त्या काय खातात, कशा रंग बदलतात हे त्यांनी पाहिलं आणि एफ. बी. स्कॉट यांच्याबरोबर लिहिलेला भारतातल्या हॉक मॉथवरचा त्यांचा ग्रंथ १९३७ साली निघाला. अळीवरून पतंग ओळखायचा तर अभ्यासकांना आजही त्या पानांकडे वळावं लागतं.

बाहेर आलेल्या पतंगाला पहिलं काम असतं पंख वाळवण्याचं. पुढे दर उड्डाणाआधी एक तयारी लागते. बसल्या जागी तो थरथरू लागतो. पाहणाऱ्याला वाटतं भ्यालाय, किंवा मरायला टेकलाय. प्रत्यक्षात तो इंजिन तापवत असतो. छातीतले उडण्याचे स्नायू आकुंचन-प्रसरण करून तो छातीचं तापमान पस्तीस अंशांच्या वर नेतो. तेवढी ऊब आल्याशिवाय एवढं जड शरीर उचललंच जात नाही. म्हणून भिंतीवरचा पतंग हुसकला की लगेच उडत नाही, आधी ओरडतो, मग थरथरतो, मग उडतो. झाडूचे फटके खाऊन त्याचा जीव जातो तो याच मधल्या मिनिटभरात.

आणि तो उडतो कुठे? मधाच्या शोधात. इतर हॉक मॉथ फुलासमोर हवेत तरंगत लांब सोंडेने रस पितात. काहींची सोंड तर शरीराहून लांब असते. मादागास्करच्या एका ऑर्किडची फूटभर खोल मधनळी पाहून चार्ल्स डार्विन यांनी १८६२ साली भाकीत केलं की एवढ्या सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे, आणि तसा हॉक मॉथ सापडल्याचं १९०३ साली प्रसिद्ध झालं. आपल्या कवटीवाल्याची सोंड मात्र आखूड, जाड आणि टोकदार आहे, जेमतेम एक-दीड सेंटिमीटरची. फुलांसाठी ती निरुपयोगी, पण मधाच्या पोळ्यातल्या मेणाचं झाकण फोडायला उत्तम. तो सरळ मधमाश्यांच्या पोळ्यात शिरतो. झाडाच्या ढोलीत किंवा पेटीत राहणाऱ्या सातेरी माश्यांच्या घरात त्याचं येणं-जाणं असतं.

हजारो नांग्यांच्या मध्ये जाऊन मध पिणं आणि जिवंत परत येणं कसं जमतं? एक तर त्याचं कवच जाड आणि गुळगुळीत, नांगी सहजासहजी शिरत नाही. दुसरं कारण जास्त विलक्षण आहे. १९९१ साली संशोधकांनी ॲट्रोपॉस जातीच्या अंगावरचा गंध तपासला. मधमाशीच्या अंगावर जी मेदाम्लं असतात त्यांतली चार त्यांना या पतंगाच्या अंगावर जवळपास त्याच प्रमाणात मिळाली. पोळ्याच्या आत अंधार असतो, तिथे माशी घरच्या माणसाला वासावरून ओळखते. या पतंगाला घरचाच वास येतो, म्हणून त्याला वाट मिळते. पाठीवरच्या कवटीचा इथेही काही उपयोग नाही, अंधारात ती कोण पाहणार? अर्थात ही युक्ती दर वेळी चालते असं नाही. पेटीत कधी कधी मेलेला पतंगही सापडतो. पेट्या पाळणाऱ्यांनी दाराची फट अरुंद ठेवली की माशी आत जाते आणि जाडजूड पतंग बाहेर राहतो.

आता तुमचा पहिला आणि मला सगळ्यांत आवडलेला प्रश्न : पाखरू ओरडतं कसं? पतंगाला फुप्फुसं नाहीत. त्याची हवा अंगावरच्या बारीक छिद्रांतून आत जाते. मग आवाज काढायला श्वास येतो कुठून? तो येतो सोंडेतून. मध ओढायला त्याच्या घशात स्नायूंची एक जोरकस पिशवी असते. मधाऐवजी तिने हवा ओढली की घशाच्या तोंडाशी असलेली छोटी पट्टी फडफडते आणि करकर असा आवाज येतो. मग पिशवी आवळून तीच हवा सोंडेतून बाहेर सोडली जाते आणि बारीक शीळ निघते. बाजाच्या पेटीचा भाता आणि आतली सुरांची पट्टी जे करतात, तेच इथे चिमुकल्या घशात चालतं. जर्मन संशोधकांनी २०१५ साली क्ष-किरणांच्या चित्रीकरणातून हे हालचालीसकट पाहिलं. ओढणं आणि सोडणं मिळून सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. त्यामुळे आपल्या कानांना दोन आवाज वेगळे कळत नाहीत, एकच चीं ऐकू येतं. नर आणि मादी दोघंही ओरडतात.

या आवाजाबद्दल एक सुंदर गोष्ट सांगितली जाते की हा राणीमाशीच्या आवाजाची नक्कल करतो आणि माश्या गप्प बसतात. कल्पना आकर्षक आहे, पण ती सिद्ध झालेली नाही. पतंगाला पकडलं, डिवचलं की तो ओरडतो, हे मात्र कोणीही पाहू शकतं. म्हणजे हा आवाज मुख्यतः शत्रूला दचकवण्यासाठी आहे असं मानणं सयुक्तिक. चोचीत धरलेला घास अचानक ओरडला तर पक्ष्याची पकड क्षणभर सैल होते, तेवढा क्षण पुरतो. तुमचा झाडूवाला हातही थबकलाच असेल. याला ऐकूही येतं बरं का. तोंडाशी असलेल्या अवयवांनी तो वटवाघळाचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज टिपतो.

त्याच्या उड्डाणाची ताकद किती, याचा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून येतो. ॲट्रोपॉस जातीच्या पतंगांच्या पाठीवर ग्रॅमच्या पाव भागापेक्षाही हलके रेडिओ-यंत्र चिकटवून संशोधक छोट्या विमानातून रात्री त्यांच्या मागे गेले. पतंग जर्मनीतून आल्प्सच्या दिशेने सुमारे ८० किलोमीटरपर्यंत उडाले, आणि वारा कसाही असो, त्यांनी आपली दिशा सोडली नाही. तेव्हा तुमच्या ओसरीवर आलेला पतंग तुमच्याच शेतातला असेल, कान्हाच्या बाजूच्या रानातला असेल किंवा बराच लांबून आलेला असेल. तो दिव्याकडे तुमच्यासाठी आलेला नाही. कृत्रिम उजेडाने रात्री उडणाऱ्या किड्यांचं दिशाभान बिघडतं, एवढाच त्याचा अर्थ.

राहिला तिळाचा प्रश्न. तिळाचे खरे मोठे शत्रू दुसरे आहेत : शेंड्याची पानं गुंडाळून आत बसणारी आणि बोंडं पोखरणारी बारीक अळी, कळ्यांच्या गाठी करणारी गादमाशी आणि तुडतुडे. शिंगाची अळी डोळ्यांत भरते म्हणून तिचा धाक वाटतो, पण संख्येने ती थोडी असते. एकरात चार-दहा अळ्या दिसल्या म्हणून फवारा उचलू नका. लेंड्यांवरून माग काढा, अळी हाताने वेचा. ज्यांना हात लावायला नको वाटेल त्यांनी देठासकट तोडून घ्या. वेचलेली अळी मारायची नसेल तर शेताबाहेर धोत्र्याच्या झाडावर सोडा.

वेचताना एक काळजी घ्या. एखाद्या अळीच्या अंगावर तांदळाएवढे पांढरे दाणे चिकटलेले दिसतील. लोकांना ती तिची अंडी वाटतात. अळी अंडी घालत नसते. ते तिच्या अंगात वाढून बाहेर पडलेल्या चिमुकल्या गांधीलमाश्यांचे कोश असतात. अशी अळी वाचणार नाही आणि तिच्यातून निघालेल्या गांधीलमाश्या पुढच्या अळ्या शोधतील. तिला जागच्या जागी राहू द्या. अंड्यांत अंडी घालणाऱ्या याहून बारीक माश्या आणि अळी उचलणारे साळुंकी-कावळे हेही तुमच्याच बाजूने काम करत असतात. सरसकट विषारी फवारणीने आधी हे मदतनीस मरतात. अळ्या खरोखर फार झाल्या आणि अजून लहान असतील तर पाच टक्के निंबोळी अर्क वापरा. तीळ फुलावर असताना रासायनिक औषध टाळाच, कारण तिळाच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि त्या फुलाफुलांवर फिरल्या की बोंडं चांगली भरतात. पीक निघाल्यावर खोल नांगरट करा. मातीतले कोश वर येतात आणि नांगरामागे चालणारे पक्षी ते वेचतात.

आणि पुन्हा ओसरीवर तो आला तर? झाडू ठेवा. दिवा अर्धा तास मालवा, बहुतेक वेळा तो आपणहून निघून जातो. बसूनच राहिला तर रुंद तोंडाचं भांडं त्याच्यावर पालथं घाला, खालून जाड कागद सरकवा आणि अंगणातल्या झाडाच्या खोडावर सोडा. ओरडेल, ओरडू द्या. मुलांना जवळ बोलावून ती कवटी, पिवळे पंख आणि आखूड सोंड दाखवा. आणि आजींनाही बोलवा, त्यांना पत्रातलं हे उत्तर वाचून दाखवा.